माळकऱ्याने धंदा करावा काय?

सप्ताहाच्या निमित्ताने गावोगाव जाणे होते, तेव्हा तरुण मंडळींचा एक प्रश्न हल्ली वरचेवर कानी पडतो. "महाराज, नोकरी मिळत नाही. शेत दोन एकर, त्यात भाऊ तिघे. एखादा लहानसा धंदा काढावा म्हणतो. पण गळ्यात माळ आहे. आणि धंदा म्हटला की खोटे बोलणे आलेच, असे वडील म्हणतात." प्रश्न पोटाचा आहे, तितकाच परमार्थाचाही आहे. 'पांडुरंगावर भार टाक' एवढे म्हणून त्या पोराला वाटेला लावणे बरे नव्हे.

या बाबतीत दोन मते ऐकू येतात. एक म्हणतो, पैसा ही माया, तिच्यापासून चार हात दूर राहावे. दुसरा म्हणतो, पैसा आला ती देवाची कृपा आणि गेला तो देवाचा कोप. वरून पाहता ही मते परस्परविरुद्ध. पण आत डोकावून बघा. पहिला पैशाला भितो, दुसरा पैशाला भजतो, आणि चिंतन दोघांचेही पैशाचेच! ज्या वस्तूला आपण भितो तीही मनात ठाण मांडून बसतेच ना?

शास्त्राची दृष्टी याहून सरळ आहे. चार पुरुषार्थांत अर्थ सांगितला. मात्र त्याच्या आधी धर्म आणि शेवटी मोक्ष ठेवला. गीतेच्या अठराव्या अध्यायात शेती आणि गोरक्षण यांच्या पंक्तीला वाणिज्यही बसवले आहे, आणि लगेच पुढे आपापल्या कर्माने ईश्वराची पूजा घडते असा निर्वाळा दिला आहे. तेथला वर्णविभाग आज बाजूस ठेवला, तरी तत्त्व उरतेच. मनूने तर सर्व शुद्धींमध्ये पैशाच्या व्यवहारातली शुद्धी श्रेष्ठ मानली. माती-पाण्याने अंग स्वच्छ होईल हो, पण व्यवहार मळका असेल तर तो मनुष्य शुद्ध नव्हे, असा त्याचा आशय.

महाभारताच्या शांतिपर्वात याविषयी एक सुंदर आख्यान आहे. जाजलि नावाचा एक ब्राह्मण तप करीत इतका निश्चळ उभा राहिला, की पाखरांनी त्याच्या जटांत घरटे केले, अंडी घातली. पिले मोठी होऊन उडून जाईपर्यंत हा हलला नाही. मग मात्र अभिमान झाला, 'मला धर्म साधला!' तोच आकाशवाणी झाली, की वाराणसीच्या तुलाधाराची सर तुला नाही. जाजलि शोधत शोधत गेला. पाहतो तो काय, तुलाधार दुकानात बसून माल विकतो आहे! त्याने जाजलीला धर्म सांगितला. कोणाचा द्रोह न करता, कपट न करता मी जगतो आणि माझा तराजू सर्वांना सारखा आहे, हे त्यातले सार. त्याने दुकान बंद करून वनवास धरला नव्हता. बाजारात बसूनच त्याने काट्याची दांडी सरळ ठेवली होती.

धंदा काढणाऱ्याने हाच तराजू तीन ठिकाणी धरावा, असे मला वाटते.

पहिले ठिकाण गिऱ्हाईक. माप पुरे द्यावे, मालातला दोष लपवू नये, हे सांगणे नको. पण नफा घ्यावा की नाही? जरूर घ्यावा. कौटिल्याने अर्थशास्त्रात देशी मालावर शेकडा ५ आणि परदेशी मालावर शेकडा १० नफा ठरवून दिला आहे. त्या नफ्याला त्याने शब्द योजला 'आजीव', म्हणजे जगण्याचे साधन. आकडे त्या काळचे असोत, शब्द मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे. नफा हे जगण्याचे साधन. ती चोरी नव्हे आणि जगण्याचे साध्यही नव्हे.

दुसरे ठिकाण आपण स्वतः. इथे पुष्कळ भाविक मंडळी चुकतात. दुसऱ्याला लुबाडू नये एवढे त्यांना कळते, पण स्वतःच्या श्रमाचे मोल मागायला जीभ रेटत नाही. भिडेपोटी उधारी देतात आणि मनात म्हणतात, दान झाले! अहो, दान ते की जे दिल्यावर मनात उरत नाही. ही उधारी तर रात्री झोप येऊ देत नाही, आणि तो पाहुणा रस्त्यात दिसला की आपणच वाट बदलतो. तिकडे घरातली माउली पहाटे चारला उठून खानावळीची कणीक मळते, तिची मजुरी कुठल्याच वहीत चढत नाही. मग म्हणायचे, धंदा फायद्यात आहे! तो फायदा तिच्या कष्टाचा आहे. गिऱ्हाइकाला सरळ असलेली दांडी घरात वाकडी कशी चालेल? म्हणून धंद्याचा पैसा आणि घरखर्च यांची पिशवी वेगळी ठेवावी, आणि राबणाऱ्या प्रत्येकाचे श्रम वहीत मांडावे.

तिसरे ठिकाण तोटा. येथे आपल्या तुकोबांकडे पाहावे. घरी महाजनकी, व्यापार. इ. स. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात सारे बसले. पहिली पत्नी अन्नावाचून गेली. ते दुःख आणि ती लाज त्यांनी अभंगात उघड सांगितली आहे, झाकली नाही. धंदा बुडाला, पण माणूस बुडाला नाही. आज दुकान बसले म्हणून कोणी गाव सोडतो, कोणी दिंडीत तोंड दाखवत नाही, कोणी जिवाचे बरेवाईट करून घेतो. त्यांना हात जोडून सांगणे आहे, बाबांनो, ज्यांच्या पालखीपुढे आपण नाचतो त्यांचेही दिवाळे निघाले होते. तोटा वहीत लिहावा, कपाळावर लिहू नये.

मात्र याच तुकोबांचे नाव घेऊन कोणी म्हणतात, 'त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, मग आम्ही हिशेब कशाला ठेवू?' या कथेचा नीट विचार करा. परंपरा सांगते, की ती खते लोकांकडून येणे असलेल्या पैशाची होती. त्यातली निम्मी धाकट्या भावाची म्हणून त्याला दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी बुडवली. आपले येणे सोडणे हे वैराग्य. दुसऱ्याचे देणे बुडवणे ही लबाडी. आज २०१५ सालापासून चालू असलेल्या मुद्रा योजनेत शिशू गटाखाली ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज बिनतारण मिळते. तारण नाही म्हणजे परतफेड नाही असे कोणी समजू नये. कर्ज काढण्याआधी एकच विचारावे: धंदा नाही चालला, तर हे मी कशातून फेडीन? उत्तर सापडेना, तर अंथरूण पाहून पाय पसरावे. गाळ्याऐवजी हातगाडीवर सुरुवात करावी. हातगाडीने माळेला कमीपणा येत नाही.

तेव्हा त्या तरुणाला माझे उत्तर असे: बाळा, धंदा कर. तुझ्या वडिलांची भीती खोटी नाही, पण तिचा इलाज धंदा टाळणे हा नव्हे, खोटे टाळणे हा आहे. रात्री हरिपाठ झाला, की वही उघडून बस. आज कोणाला कमी दिले, कोणाचे श्रम फुकट घेतले, कोणाचे देणे राहिले, हे तीन प्रश्न स्वतःला विचार. ज्या दिवशी त्या वहीतले पान पांडुरंगापुढे उघडे ठेवायला संकोच वाटणार नाही, त्या दिवशी शिल्लक चार आणे असो की चार हजार, तुझा व्यवहार शुद्ध झाला म्हणून समज.

रामकृष्णहरी.