आधी दान, मग मागणं

परशुरामाने बाण सोडून समुद्र मागे हटवला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याआधीचं मात्र आपण विसरतो: सगळी पृथ्वी कश्यपांना दान केली, मग त्याने समुद्राकडे जागा मागितली.

आज मालवणजवळ देवबागचा किनारा खचतोय. बंधारा घालावा का? ज्याच्या अंगणात लाट शिरते त्याला ‘निसर्गाचा नियम’ ऐकवू नये. त्याला बंधारा हवाच. पण भिंतीवर आपटलेली लाट परतताना वाळू ओढून नेते, धूप शेजाऱ्याकडे सरकते. आणि किनारे पोसले जातात ते नद्यांच्या वाळूवर. आपल्या कोपरजवळच्या उल्हास खाडीतून तीच वाळू सक्शन पंपांनी चोरून उपसतात, बांधकामांसाठी.

समुद्राशी लढावं, जरूर. पण आधी आपण काय सोडणार, ते ठरवूया.