भिंतींना पाप लागते का?

आपल्यावर अन्याय करणाऱ्याने बांधलेली वास्तू पुढे आपल्या हाती आली, तर ती पाडावी की जपावी? हा प्रश्न मला गाठून बसला तो दक्षिण कोरियातल्या बुसान या बंदराच्या शहरात. जावयाच्या नोकरीमुळे तिथे महिनाभर राहणे झाले. योंगदुसान टेकडीच्या जवळ एक जुनी इमारत आहे. तिचा इतिहास समजला आणि मन अस्वस्थ झाले.

१९२९ साली ती उभी राहिली, ओरिएंटल डेव्हलपमेंट कंपनीची शाखा म्हणून. ही कंपनी जपान्यांनी १९०८ मध्ये काढली होती. नावात विकास होता; काम मात्र कोरियन शेतकऱ्यांच्या जमिनी बळकवायच्या, त्या त्यांनाच कुळे म्हणून कसायला द्यायच्या आणि खंड वसूल करायचा. १९४५ मध्ये जपान हरला, कोरिया सुटला. पण इमारत सुटली नाही. १९४९ मध्ये तिथे अमेरिकेचे सांस्कृतिक केंद्र आले. धनी बदलला, किल्ली परक्याच्याच हाती राहिली.

पुढे मे १९८० मध्ये ग्वांगजू शहरातला लोकशाहीचा उठाव लष्कराने चिरडला. अमेरिकेच्या संमतीवाचून हे घडणे शक्य नाही, अशी तरुणांची खात्री झाली. १८ मार्च १९८२ रोजी काही विद्यार्थ्यांनी या केंद्रात पेट्रोल ओतून आग लावली. हुकूमशहाला पाठबळ देणाऱ्याला जाब विचारायचा होता. पण आगीत मेला कोण? तिथल्या ग्रंथालयात बसलेला एक कोरियन विद्यार्थी! त्याचा ना कंपनीशी संबंध, ना लष्कराशी. कटाच्या दोघा सूत्रधारांना फाशीची शिक्षा झाली. पुढे ती जन्मठेपेवर आली.

न्याय्य संतापाने घेतलेल्या या बळीपाशी मी थबकलो, त्याला कारण आहे. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या गावात पाट्यांचा वाद पेटला, तेव्हा एका रात्री मीही डांबराचा डबा घेऊन निघालो होतो. सकाळी त्या कचेरीचा म्हातारा शिपाई रॉकेलचे बोळे घेऊन शिडीवर चढला. घरी कानडी बोलणारा, आम्हा पोरांशी मराठीत थट्टा करणारा माणूस. त्याचा पाय घसरला आणि कंबर कायमची वाकली. आमची मागणी चुकीची होती असे मला आजही वाटत नाही. पण 'डांबर मी फासले होते' हे त्याच्या हयातीत त्याला सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

सेऊलमध्ये जपानी राजवटीचे मुख्य कार्यालय होते, १९२६ साली राजवाड्यासमोरच बांधलेले. ते कोरियनांनी पाडले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी, मुक्तीला ५० वर्षे झाली त्या दिवशी, त्याचा कळस उतरवला. त्यांना मी दोष देणार नाही. राजवाड्याच्या छातीवरचा दगड कुणी किती काळ सोसावा?

बुसानने मात्र दुसरी वाट धरली. नागरिकांच्या मागणीनंतर १९९९ मध्ये इमारत परत मिळाली आणि २००३ मध्ये तिथे शहराच्या अर्वाचीन इतिहासाचे संग्रहालय झाले. मला ही वाट अधिक अवघड वाटते. पाडताना आपण फक्त शत्रूचे पाप पाडतो असे समजतो. त्याच ढिगाऱ्याखाली आपली चूकही गाडली जाते. इथे कंपनीचा खंड, परक्यांचा कबजा, ग्वांगजूचा संताप आणि त्या मुलाचा मृत्यू, सारे एकाच खातेवहीत आहे. आपल्या नावे पडलेली रक्कम खोडण्यासाठी वहीच जाळायची नाही, एवढे तरी वारसदाराने पाळावे.

भिंतींना पाप लागत नाही. पण भिंती साक्षीदार असतात, आणि साक्षीदार आपल्या बाजूचेच तेवढे बोलत नाही, म्हणून तर तो नकोसा होतो.

२०२३ पासून ही वास्तू वाचनाची जागा म्हणून पुन्हा उघडली आहे. मी गेलो तेव्हा एक मुलगा पुस्तकात डोके खुपसून बसला होता. मी पाय न वाजवता बाहेर आलो. शिपायाचा मुलगा अजून आमच्या गावातच राहतो. या दिवाळीत त्याच्याकडे फराळाला जायचे आहे. आणि या वेळी फराळ करून नुसते परतायचे नाही.