भ्रूणहत्या : एका शब्दाची गल्लत

गर्भपात आणि भ्रूणहत्या हे शब्द मराठीत आज सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. दवाखान्याच्या भिंतीवरचा फलक असो की छाप्याची बातमी, सगळीकडे एकच शब्द. गर्भ कितव्या आठवड्यातला होता, कोणत्या कारणाने काढला, याची चौकशी त्या शब्दाला लागत नाही. नको असताना दिवस गेलेली स्त्री कायद्याने दिलेल्या सोयीसाठी दवाखान्याची पायरी चढते, तेव्हा या शब्दाने तिला आधीच आरोपी ठरवलेले असते. हा अन्याय आहे, आणि लिंगनिवडीविरुद्धच्या ज्या चळवळीच्या नावाने तो होतो त्या चळवळीला तो कधीच मान्य नव्हता.

शब्द मात्र फार जुना. धर्मशास्त्रात भ्रूणहत्या महापातकांच्या पंक्तीला बसते. संस्कृतात 'भ्रूण' म्हणजे गर्भ, तसाच वेदविद्येत निष्णात ब्राह्मणही. मनुस्मृतीने 'अविज्ञात' गर्भ मारणाऱ्याला ब्रह्महत्येचेच प्रायश्चित्त सांगितले, आणि टीकाकारांनी 'अविज्ञात'चा अर्थ लावला तो 'मुलगा की मुलगी हे न कळलेला' असा. तो मुलगा असू शकतो, म्हणून पाप मोठे. आज मुलींच्या बाजूने वापरला जाणारा हा शब्द मुळात मुलग्याच्या काळजीतून जड झालेला आहे.

१८६०च्या भारतीय दंड संहितेने गर्भपात घडवणे गुन्हा ठरवले. अपवाद एकच, स्त्रीचा जीव वाचवणे. या कलमाचा मोठा भार पडला तो विधवांवर. पुनर्विवाहाला रूढीची बंदी आणि घरातल्याच पुरुषांपासून संरक्षण नाही, अशा कोंडीत त्या होत्या. १८८१ साली सुरतेच्या विधवा विजयालक्ष्मीला मूल मारल्याबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले, तेव्हा ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून दोष कोणाचा ते विचारले. त्याआधीच, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. गुपचूप या, बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवून जा, अशी ती सोय होती. काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. नको असलेल्या गर्भाला 'पर्याय' द्यायचा म्हणजे काय, याचा इतका स्वच्छ नमुना नंतर फारसा दिसत नाही. १८८४ मध्ये जोतीरावांनी त्याचा हिशेब दिला तो असा : ३५ गरोदर विधवा आल्या, मुले जगली ५. उरलेली ३० मुले दगावली, कारण दिवस लपवण्यासाठी आयांनी आधीच विषारी औषधे घेतली होती. त्या बायांना खुनी म्हणणे जोतीरावांना सुचले नाही. विषाची पाळी ज्यांनी आणली, त्यांना त्यांनी जबाबदार धरले.

र. धों. कर्वे यांचे १९२१चे संततिनियमन केंद्र आणि १९२७ पासूनचे 'समाजस्वास्थ्य' हे मासिक वाचकांना ठाऊक आहे. गर्भपाताचा कायदा बदलायला मात्र आणखी काही दशके गेली. १९६४ मध्ये या प्रश्नाचा विचार करायला शांतिलाल शाह समिती नेमली गेली आणि १९७१ मध्ये वैद्यकीय गर्भपात कायदा झाला. या कायद्याला स्त्रीहक्काची सनद म्हणण्याची प्रथा पडली आहे, पण त्याचे तिसरे कलम उघडले की पहिले संरक्षण डॉक्टरला मिळालेले दिसते : अमुक अटी पाळणारा नोंदणीकृत डॉक्टर दोषी धरला जाणार नाही. संततिनियमनाचे साधन निकामी ठरले, हे कारण कायद्याने मानले, पण फक्त विवाहितेसाठी. निर्णय तिचा, असे त्यात कुठेही नाही. तरीही सज्ञान स्त्रीच्या गर्भपाताला तिच्या एकटीची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही, ही त्यातली मोलाची गोष्ट. अनेक रुग्णालये ती सही आजही मागतात.

खरा घोळ झाला तो पुढच्या वळणावर. सत्तरच्या दशकात गर्भजलपरीक्षा आली ती आनुवंशिक दोष शोधण्यासाठी. थोड्याच वर्षांत मुंबईत तिच्या जाहिराती लागल्या : आता थोडे खर्च करा, पुढचा हुंडा वाचवा. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात मुंबईतल्या स्त्रीसंघटना, डॉक्टर आणि विज्ञान चळवळीतले लोक याविरुद्ध एकत्र आले. गर्भपाताच्या विरोधातले आंदोलन अशी त्यांची आठवण आज काढली जाते. ती साफ चुकीची आहे. पेच त्यांना पुरता माहीत होता. गर्भपातावर बंदी मागितली, तर १९७१ मध्ये जे थोडे मिळाले तेही जाईल आणि बाया पुन्हा सुईणीच्या काडीकडे वळतील. म्हणून त्यांनी बोट ठेवले ते चाचणीवर आणि ती विकणाऱ्यावर. महाराष्ट्राचा १९८८चा कायदा, देशातला पहिला, याच आखणीवर उभा राहिला. केंद्राचा १९९४चा कायदा आणि 'सेहत', 'मासूम' या संस्था व कार्यकर्ते साबू जॉर्ज यांच्या याचिकेनंतरची २००३ची दुरुस्ती याच वाटेने गेली. या कायद्यात गुन्हा आहे तो लिंग तपासण्याचा, सांगण्याचा आणि त्याची जाहिरात करण्याचा. गर्भपात हा त्या कायद्याचा विषयच नाही.

चाचणी आणि गर्भपात यांच्यातली ही रेघ सरकारी प्रचाराने पुसली. महाराष्ट्रातले शून्य ते सहा वयोगटाचे लिंगगुणोत्तर २००१ मध्ये ९१३ होते, ते २०११ मध्ये ८९४ वर आले. घबराट खरी होती. पण २०१२ मध्ये परळीतले लिंगनिवडीच्या गर्भपातांचे प्रकरण उघड झाल्यावर सरकारने थेट खुनाचे कलम लावण्याची भाषा केली. तपासण्यांच्या धाकाने औषध दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणे सोडले आणि बारा आठवड्यांपुढची बाई दारात दिसली की डॉक्टर हात वर करू लागले. लिंग विचारायला ती आलेलीच नव्हती.

१९७१च्या कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीने काही गटांसाठी गर्भपाताची मुदत २४ आठवडे केली आणि 'नवरा' हा शब्द काढून 'जोडीदार' घातला. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेलाही तोच हक्क दिला. नवऱ्याच्या बळजबरीतून राहिलेला गर्भही गर्भपातापुरता बलात्कारातून राहिलेला धरला. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, २६ आठवड्यांच्या विवाहितेला त्याच न्यायालयाने नकार दिला. खर्च सरकार करील, मूल दत्तक देता येईल, असे सांगितले. दत्तकाची वाट चांगली आहे. बाल न्याय कायद्यात आईला फेरविचारासाठी ६० दिवस मिळतात, आणि ज्या स्त्रीला गर्भ वाढवायचा आहे तिच्यासाठी ही सोय अमोल आहे. पण दत्तक हा मूल सांभाळण्याला पर्याय झाला, गरोदरपणाला नव्हे. फुल्यांच्या घराचे दार उघडे होते. तिथे यायची सक्ती कोणावर नव्हती.

दंड संहिता गेली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या ८८व्या कलमात, १८६० प्रमाणेच, स्वतःचा गर्भपात स्वतः घडवणारी स्त्री आजही गुन्हेगार आहे.