प्लेस्टेशन विकू नकोस

कोल्हापूर

चि. मृण्मयीस,


परवा ताईचा, म्हणजे तुझ्या आईचा, फोन आला होता. तू प्लेस्टेशन विकायला काढलंस आणि लिव्हरपूलचे सामने बघणंही सोडलंस, असं ती सांगत होती. तिला बरंच वाटलंय. "आता संसारात लक्ष घालेल," म्हणाली. मला मात्र वाईट वाटलं, म्हणून सविस्तर लिहायला बसलो.

ईरा दीड वर्षाची, नोकरी पूर्ण वेळ, त्यात हिंजवडीची रोजची ये-जा. वेळ कमी आहे हे खरंच. पण तू वेळ नाही म्हणून सोडते आहेस की लाज वाटते म्हणून, हे एकदा स्वतःला विचार. जावईबापू आयपीएल लावून बसतात तेव्हा "या वयात हे काय" असं त्यांना कुणी विचारत नाही, आणि विचारूही नये. मग तुलाच का? तुझ्या आजीचा पेटीवर उत्तम हात होता. मुलं झाली तशी पेटी माळ्यावर गेली, ती परत खाली आलीच नाही. त्या घरात वाढलेला मी, तुझं हे ऐकून गप्प कसा बसू?

माझं सांगणं एवढंच, की वेळ चोरू नकोस, सांगून घे. सगळे झोपले की आवाज बंद करून रात्री एक वाजेपर्यंत खेळायचं, सकाळी डोळे चोळत उठायचं आणि मग पोरीवर, नवऱ्यावर चिडायचं, हे तुझं मागच्या वर्षी चाललं होतं. त्यात खेळाचा आनंदही मिळत नव्हता आणि झोपही. त्यापेक्षा शनिवार संध्याकाळ माझी, असं घरात स्पष्ट सांग. तेवढा वेळ ईराला जावईबापू सांभाळतील. त्यांच्या सकाळच्या ट्रेकला तू घर सांभाळतेसच की!

आपल्या कोल्हापुरात बघ. फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमवर कुणाचा सामना कधी, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक असतं. पाटाकडील आणि खंडोबा या तालमींचे संघ समोरासमोर असले की शिवाजी पेठेतला दुकानदार दुपारी शटर ओढतो, गिऱ्हाईक समजून घेतं, घरचेही चहा लवकर टाकतात. लपवाछपवी नाही, म्हणून भांडणही नाही. पुढे पाऊस लागला की मैदान बंद, आणि तीच माणसं चार-पाच महिने निमूट कामाला लागतात. तालमीच्या वेडाला असा हंगाम आहे, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ते संसारात मावलंय.

व्हिडिओ गेमची निवडही याच नजरेने कर. ज्या खेळाला शेवट आहे, तो घरात ठेव. ज्याला तळच नाही, तो काढून टाक. फुटबॉल गेममधली तुझी ती अल्टिमेट टीम मला पहिल्यापासून खटकते. 2016 साली त्यात शनिवार-रविवारची स्पर्धा आली तेव्हा एका वीकेंडला 40 सामने असायचे. सामना पंधरा मिनिटांचा धरला तरी दहा तास झाले! नंतर त्यांनी आकडा कमी केला, पण रचना तीच. ऑनलाइन सामना सोडून उठलीस की हार लागते, आणि ईरा काही मध्यंतर बघून रडत नाही. शिवाय खेळाडूंची ती बंद पाकिटं, आत कोण निघेल ते नशिबावर. बेल्जियममध्ये 2018 साली सरकारी आयोगाने असल्या पाकिटांना जुगार ठरवलं आणि 2019 च्या जानेवारीत तिथे ती पैशांवर विकणं कंपनीला बंद करावं लागलं. सप्टेंबरात नवी आवृत्ती आली की वर्षभर जमवलेला संघ मागे राहतो, पुन्हा श्रीगणेशा. हे तेवढं बंद कर, माझी कळकळीची विनंती आहे.

त्याच्याऐवजी तू दिवाळीत मला खेळायला लावलंस ते 'राजी' आठव. पुण्याच्याच पोरांनी 2020 साली केलेलं. बहीण भावाला शोधायला निघते आणि पाच-सहा तासांत गोष्ट पुरी होते. 'जर्नी' तर दोन तासांत संपतं. घरच्या घरी कॉम्प्युटरविरुद्ध फुटबॉल खेळलीस तर हवं तेव्हा थांबवताही येतं. महिन्याला असं एखादं खेळलीस तर जीव रमेल आणि संसाराचं काही बिघडणार नाही.

आता लिव्हरपूल. लीगचे सामने वर्षाला 38. मध्यंतर धरून दोन तास म्हटले तर सगळे मिळून 76 तास, तेही नऊ-दहा महिन्यांत पसरलेले. एवढा वेळ कुठल्याही संसारात निघतो. तुझा वेळ खातंय ते दुसरंच. कोण कुठल्या क्लबात चालला, किती कोटींना, कोच काय बोलला, त्यावर कोण काय म्हणालं, हे दिवसातून वीसदा फोन उघडून बघणं. ते सोड आणि सामना मात्र नीट बघ, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. शनिवारचा पहिला सामना आपल्याकडे पाच किंवा सहाला लागतो, त्यानंतरचे साडेसात किंवा साडेआठला. तिकडे ऑक्टोबर आणि मार्चअखेर घड्याळं बदलतात म्हणून हा तासाचा फरक. तेव्हा ऑक्टोबरअखेरपर्यंत साडेसातचा घे, थंडीत सहाचा जमतो का बघ. चॅम्पियन्स लीग साडेबारा-दीडला सुरू होते, ती कामाच्या दिवशी बघू नकोस. सकाळी निकाल न ऐकता सारांश बघ. फायनल मात्र बघायचीच.

2005 च्या मे महिन्यात इस्तंबूलची फायनल आपल्याकडे रात्री सव्वाबाराला सुरू झाली होती. मध्यंतराला मिलान 3-0 ने पुढे, आणि तू उशीत तोंड खुपसून रडत होतीस. "झोप आता," म्हणून ताई ओरडली तरी तू उठली नाहीस. मग सहा-सात मिनिटांत तीन गोल फिटले आणि पेनल्टीवर कप आपला झाला. त्या रात्री तुझ्या शेजारी कोण होतं, हे ईरालाही कधीतरी सांगता आलं पाहिजे. म्हणून म्हणतो, पुढेमागे तिलाही शेजारी बसव. तिला आवडलं तर ठीक, नाही आवडलं तर आग्रह नको.

प्लेस्टेशनची जाहिरात आजच काढून टाक. घेणाऱ्याला शब्द दिला असशील तर फोन करून स्पष्ट सांग, तो समजून घेईल. जावईबापूंशी मी बोलू का? पण तू स्वतः बोललीस तर जास्त चांगलं. ताईचं माझ्यावर सोपव.

जानेवारीत इथला हंगाम जोरात असतो. दोन दिवसांची सुट्टी काढून ये. ईराला मामी सांभाळेल, तिचं आधीच ठरलंय. आपण दोघं दुपारी स्टेडियमवर जाऊ. तारीख कळव, म्हणजे कोणाचा सामना आहे ते बघून तिकिटं काढून ठेवतो.

तुझा,
मामा