दहा मिनिटं इंजिन, पन्नास मिनिटं शांतता

जिथे आहात तिथेच बसा. मांडी घालायची गरज नाही. आज आपल्याला मोटारीत बसायचंय. पाठ सीटला टेकू द्या. हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवा. डोळे मिटले काय नि उघडे ठेवले काय, काचेपलीकडे पांढऱ्याशिवाय काही नाही.

गाव अमेरिकेतलं बफेलो, ईरी सरोवराच्या काठचं. दिवस २३ डिसेंबर २०२२, शुक्रवार. नाताळ दोन दिवसांवर. वादळाचा इशारा आधीपासून होता. वाहनबंदी मात्र लागू झाली सकाळी, बरेच लोक कामावर निघून गेल्यानंतर. आपण त्यांतलेच एक.

वारा ऐका. बर्फ पडला म्हणून तिथलं हवामान खातं त्याला ब्लिझर्ड म्हणत नाही. ताशी ५६ किलोमीटरचा वारा, चारशे मीटरच्या पुढचं न दिसणं, आणि हे सगळं सलग ३ तास. बफेलोच्या विमानतळावर ते ३७ तास चाललं.

आता काचेवर आदळणारा एखादा कण निरखा. पुस्तकातला सहा पाकळ्यांचा सुबक कण शोधू नका. वाऱ्यानं आपटून आपटून त्याचा पार भुगा झालाय. हा सगळा भुगा आत्ताच आभाळातून पडतोय, असंही धरू नका. याच गावात जानेवारी १९७७ मध्ये जे वादळ झालं, त्यात नवा बर्फ जेमतेम फूटभर पडला होता. पण सरोवर डिसेंबरातच गोठलेलं, आणि त्या गोठलेल्या पाठीवर आठवडेच्या आठवडे भुसभुशीत बर्फ साठत गेलेला. वाऱ्यानं तो उचलला आणि गावावर आणून ओतला. पडून गेलेलंच पुन्हा उठलं आणि त्यानं वाट बुजवली. इथं थोडं रेंगाळा. घाई नाही, कुठं जाताच येणार नाहीये.

मन मात्र केव्हाच निघालंय. ते म्हणतंय, घर काही फार लांब नाही, चालत गेलो तरी पोचू. त्याला बोलू द्या, दार उघडू देऊ नका. अशा वाऱ्यात दहा पावलांवर माणूस आपली गाडी हरवतो. त्या चार-पाच दिवसांत ईरी परगण्यात चाळीसहून अधिक माणसं गेली. काही गाडीत सापडली, काही रस्त्यावर, काही घरातच, कारण रुग्णवाहिकाही बर्फात रुतल्या होत्या.

(मुंबईकराला इथं २६ जुलै २००५ चा पूर आठवेल. त्या दिवशी बंद गाडीत बसून राहणं काहींच्या जिवावर बेतलं. पाण्याचा न्याय वेगळा, बर्फाचा वेगळा.)

दार उघडायचं ते एकाच कामासाठी. गाडीला धरून मागे जा आणि सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ हातानं दूर करा. ते तोंड बुजलं की कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला ना वास ना रंग, आणि तो माणसाला झोपेतच नेतो. परत या. वारा ज्या बाजूनं येत नाही, त्या बाजूची काच बोटभर खाली घ्या. मग इंजिन सुरू करा. तासातून दहा मिनिटं, एवढंच. पुरेशी ऊब आली की बंद.

उरली पन्नास मिनिटं.

पायाची बोटं हलवा. हाताची बोटं एकेक करून मिटा, उघडा. खांदे वर घ्या, सोडा. श्वास बाहेर टाका. तो काचेवर आतून गोठत जाताना दिसेल. आपलाच श्वास, त्याला एरवी कधी पाहिलं होतं? फोनची बॅटरी जपा. झोप आली तर मोठ्यानं बोला, मराठीतच बोला. पुन्हा पायाची बोटं. पुन्हा श्वास. मग सायलेन्सर, मग दहा मिनिटं इंजिन. रात्र अशी तासातासानं सरते.

आता गाडीतून बाहेर या, आपल्या खोलीत. तुमचा मुलगा, भाची, मैत्रीण त्या बाजूला राहत असेल तर वादळाची बातमी दिसताच फोन करा. आणि सवयीनं ‘पोचलास की कळव’ म्हणू नका. ‘आज निघू नकोस’ एवढं म्हणा.