शिकवणाऱ्याचा हात

नाताळ जवळ आला आणि मुले गोठ्याचे चित्र काढू लागली की आम्हा वडीलधाऱ्यांचे हात शिवशिवू लागतात. शेलारला, यंत्रमागांच्या खडखडाटात, आमच्याच घरी तसे घडले. मुलीने मरियामातेला लुगडे नेसवले होते. आम्ही तिच्या हातून कुंचला घेतला आणि त्यावर निळा झगा चढवला. चित्र ‘सुधारले’, मुलगी उठून गेली. शिकवणाऱ्याचा हक्क कोठे संपतो, हा प्रश्न तेव्हापासून आम्हांस सोडीत नाही.

गोव्यात सांत इस्तेव्ह येथे जन्मलेले आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) मुंबईतील कलाशाळा सोडून बंगालमध्ये गेले आणि अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्यापाशी शिकले. तेथील ‘वॉश’ पद्धतीला जपानी चित्रकलेचा आधार होता. १९०३ साली योकोयामा ताइकान कोलकात्यास आले होते. ते रुंद, ओल्या कुंचल्याने कागद भिजवीत. अवनींद्रनाथांनी हे पाहिले आणि अख्खे चित्रच पाण्यात बुडवले. सुटा रंग वाहून जातो, मुरलेला तेवढा उरतो. मग पुन्हा रंग, पुन्हा पाणी. पाहुण्याची रीत अशी बदलणे हा गुरुद्रोह काय? आम्हांस तसे वाटत नाही.

याच अवनींद्रनाथांची एक आठवण सांगतात. नंदलालांनी तपस्विनी उमेचे चित्र काढले. त्यात थोडा रंग, थोडा साज हवा, असे गुरूंनी सुचवले. मग रात्रभर त्यांना झोप नाही. शिष्याने पाहिलेली उमा आपण का बदलावी? सकाळी धावत जाऊन त्यांनी नंदलालांना थांबवले. कागदात मुरलेला रंग मागे घेता येत नाही, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार!

फोन्सेकांनी पुढे पुण्यास ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून साडीतील मरिया रंगवली. गोव्यात आपल्याच माणसांनी तिच्यावर टीका केली. टीकाकारांची श्रद्धा खोटी होती असे नव्हे. लहानपणापासून पाहिलेली मरिया त्यांना हवी होती, जशी आम्हांलाही. पण नाझरेथच्या त्या यहुदी कन्येचा तो युरोपीय झगा तरी कोठे होता?

कुंचला किती ओला ठेवावा, कोठे थांबावे, हे शिकवावेच लागते. त्यावाचून हात बसत नाही. आमची चूक त्यापुढची होती.

मुलीला नवा कागद आणून दिला आहे. तिने अजून तो हाती घेतलेला नाही.