आमच्याकडे काही नाही

॥ राम कृष्ण हरी ॥

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३२

जो स्वतःवरून दुसऱ्याचं सुख-दुःख ओळखतो तो योगी श्रेष्ठ, असं भगवंत या श्लोकात अर्जुनाला सांगतात. शाळेपासून हा श्लोक मला पाठ आहे. पण तो मला लागू पडला २८ सप्टेंबर २०२५ च्या रात्री, आणि तोही माझ्याच तोंडून गेलेल्या एका वाक्यामुळे.

नवरात्र चालू होतं. मराठवाड्यात अतिवृष्टीचा इशारा होता. आम्ही जुना जालना भागात राहतो, कुंडलिका नदी जवळच. घाणेवाडी तलाव भरून वाहिला की ते पाणी याच नदीतून येतं. त्यामुळे संध्याकाळीच आम्ही गहू-तांदळाचे डबे माळ्यावर चढवले, कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत बांधली. नदीकडच्या गल्लीतल्या काकू त्यांच्या सुनेला आणि नातवंडांना घेऊन आमच्याकडे आल्या. माझे दोन मित्रही थांबले. दर तासाला आम्ही बॅटरी घेऊन नदी बघून यायचो. आई घटापुढच्या अखंड दिव्यात तेल घालत बसली होती. मी मनातल्या मनात एकच म्हणत होतो, देवा, पाणी इकडे येऊ देऊ नको.

त्याच दिवशी पैठणला जायकवाडीचे सगळे २७ दरवाजे उघडले होते. विसर्ग सुमारे ३ लाख क्युसेकवर गेला होता. गोदाकाठच्या गावांतून माणसं हलवणं चालू होतं. माझा कॉलेजचा एक मित्र अंबड तालुक्यातल्या अशाच एका गावचा. रात्री उशिरा त्याचा फोन आला. म्हणाला, "म्हाताऱ्यांना आणि जनावरांना वर आणलंय. कापूस गेला. तुमच्याकडं कसंय?"

मी म्हणालो, "देवाची कृपा रे, आमच्याकडे काही नाही."

तो क्षणभर गप्प झाला. मग "बरं झालं" म्हणाला आणि फोन ठेवला.

त्या वाक्यात खोटं काही नव्हतं. तरी ते मला झोपू देईना. आमच्याकडे काही नाही ही जर देवाची कृपा, तर त्याच्याकडे जे झालं ते काय? त्याच्या आईनेही घट बसवलेच होते की!

इंजिनिअर म्हणून मला कळतं की धरण भरल्यावर दरवाजे उघडावेच लागतात. पाणी अडवून धरलं तर धरणालाच धोका. म्हणजे पाणी कुठे तरी जाणारच. आमच्या दारावरून निघून गेलेली कुंडलिकासुद्धा पुढे दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला. मी "इकडे नको" म्हणत होतो, तेव्हा ते कुणाकडे जावं असं माझ्या मनात होतं? आणि हेच जायकवाडीचं पाणी आपण जालन्यात पितो. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरच्या रांगेत उभं राहून याच धरणासाठी आपण देवाला पाणी मागितलं होतं.

पहाटे मी आईला हे बोललो. ती म्हणाली, "मी तर तेल घालताना 'सगळ्यांचं नीट होऊ दे' म्हणत होते. तू काय म्हणत होतास?"

मला उत्तर देता आलं नाही.

मग श्लोक परत वाचला. भगवंत 'स्वतःला विसर' असं म्हणत नाहीत. स्वतःवरूनच सुरुवात करायला सांगतात. म्हणजे त्या रात्रीची माझी भीती वाईट नव्हती. माझ्याकडे माप तेवढं एकच होतं. डबे माळ्यावर चढवताना हात थरथरत होते, तेवढ्यावरून मला त्याचं घर कळायला हवं होतं. पण धोका टळला असं वाटल्याबरोबर मी ते माप फेकून दिलं. चूक तिथे झाली. सुटल्यावर आभार मानावेत, जरूर मानावेत. पण जो सुटला नाही त्याच्यासमोर आधी त्याचं विचारावं.

ज्ञानोबा माउलींच्या पसायदानात 'माझं घर सांभाळ' असं मागणं कुठेच नाही, हे मला त्या पहाटे पहिल्यांदा जाणवलं. इतकी वर्षं रोज म्हणत होतो.

रस्ता सुरू झाल्यावर आम्ही तिघं मित्र गावाला गेलो. किराणा आणि जनावरांसाठी पेंड नेली. दिवसभर त्याच्या घरातला गाळ काढला. त्याचा कापूस त्याने काही परत आला नाही. मी त्या फोनबद्दल माफी मागितली, तर तो म्हणाला, "मला आठवतही नाही." त्याला आठवत असणार, असं मला अजून वाटतं.

तुम्हीही कधी इशाऱ्याची रात्र काढली असेल. ती भीती विसरू नका. पुढच्या वेळी दुसऱ्याचा फोन आला की ती उपयोगी पडेल.

उद्या श्लोक ३३ : मन चंचल आहे, ही अर्जुनाची तक्रार. तीही आपलीच.

॥ राम कृष्ण हरी ॥